एक वटवट्या, दोन...?

वेताळ टेकडीवर सकाळी फिरताना झुडपात शेपटी उभारून उड्या मारणारे दोन इवलेसे पक्षी दिसले. सोबतचे एक काका म्हणाले 'वटवट्या', दुसरे म्हणाले 'शिंपी'. यातलं बरोबर कोणतं, आणि 'वटवट्या'चं अनेकवचन काय, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी व्याकरण, पक्ष्यांपेक्षा मला तेच जास्त कळतं. वटवट करणारा तो वटवट्या. बडबड्या, कटकट्या, किरकिऱ्या यांच्याच घरातला हा शब्द. पुल्लिंगी, आणि चाल 'भटक्या'ची: एक भटक्या, चार भटके, तसा एक वटवट्या, दोन वटवटे. प्रत्यय लागला की मात्र 'वटवट्यांचा आवाज'. 'दोन वटवट्या दिसल्या' असंही कानावर येतं. त्यासाठी मी कुणाला टोकणार नाही, पण त्यात पक्षी उगाच स्त्रीलिंगी होतो, आणि गंमत म्हणजे ही वटवट मुख्यतः नराचीच असते.

'शिंपी' सोपा. धोबी, कोळी यांच्यासारखा एकवचनी-अनेकवचनी तसाच राहतो. मादीला 'शिंपीण' म्हणू नये, डोळ्यांपुढे शिवणयंत्रावर बसलेली बाई येते! 'शिंप्याची मादी' बरं.

आता ओळख. नावावर फार विसंबू नका. शिंपी पानाच्या कडा जुळवून धाग्यांनी, कोळिष्टकांनी टाचतो आणि त्या खोळीत घरटं करतो, म्हणून तो शिंपी. पण आपल्याकडे बागांतही दिसणारा राखी वटवट्याही पानं शिवतो! आणि शिंप्याचा आवाज एवढ्याशा जिवाच्या मानानं इतका मोठा, की 'वटवट्या' हे नाव त्यालाही शोभलं असतं.

त्यापेक्षा रंग पाहावा. डोक्यावर तांबूस टोपी, पाठ हिरवट, पोट पांढुरकं असेल तर शिंपी. पाठ राखाडी, पोट फिकट तांबूस असेल तर राखी वटवट्या. हा उडताना कधीकधी विजेची ठिणगी उडाल्यासारखा चटचट आवाजही करतो. तो ऐकलात तर रंग पाहायचीही गरज नाही.

तुमच्या प्रश्नात मात्र फक्त शेपटी आहे, आणि ती दोघेही उभीच धरतात. तेव्हा कोणते काका बरोबर, ते पुढच्या फेरीत पक्ष्याचं डोकं पाहूनच ठरवा.