बाराखडी येते, वाचता येत नाही

पोरी,

चौथीतली काही पोरं बाराखडी घडाघडा म्हणतात, पण धडा समोर धरला की गप्प बसतात, असं तू लिहिलंस. त्या बाराखडीवर जाऊ नकोस. फळ्यावर नुसता ‘कु’ लिही आणि विचार. पोरगं ओठातल्या ओठात ‘क, का, कि, की’ पुटपुटेल, मग ‘कु’ म्हणेल. त्याला चाल पाठ आहे, अक्षर नाही.

म्हणून ‘अ ते ज्ञ’ क्रम बाजूला ठेव. न, म, क, ग, र, ल आणि काना एवढ्यावर सुरुवात कर: नाक, कान, मामा, राग, लगाम. जे शिकवलं तेच वाचायला दे. चित्र झाकून ठेव, नाहीतर ‘घडा’ला पोरं बिनदिक्कत ‘मडकं’ म्हणतात. भ-म, घ-ध, ब-व या जोड्या एका दिवशी आणायच्या नाहीत. आणि पाटीआधी कान: ‘काम’मधला ‘का’ काढला तर काय उरलं?

खरी अडचण जुळवण्यात असते. ‘कमळ’ पोरं क… म… ळ असं सुटं वाचतात, प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारून, आणि शब्द ओळखूच येत नाही. शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ आपण बोलताना गिळतो, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. बोट न उचलता अक्षरांखालून सरकवत ‘घर’, ‘नळ’, ‘बस’ एका दमात म्हणवून घे. ‘दिवा’त वेलांटी आधी दिसते, पण आवाज ‘द’नंतर येतो, तिथं बोट ‘द’वर ठेवायला लाव. ऱ्हस्व-दीर्घाचा काच तूर्तास नको. जोडाक्षरं शेवटी, आणि सूर्य, चक्र, ट्रक यांतले ‘र’चे अवतार वेगवेगळ्या दिवशी.

आता आपल्याकडची, खानदेशातली गोष्ट. अहिराणी घरातलं पोरगं ‘डोळा’ला ‘डोया’ वाचेल, ‘पाणी’ला ‘पानी’. लगेच लाल रेघ मारू नकोस. ‘ळ’ आणि ‘य’ची कार्डं समोर टाक आणि ‘ळ दे’ म्हण. बरोबर उचललं तर त्याला अक्षर ओळखता येतं, फक्त जीभ घरची आहे. वाचन झालं असं धर, पुस्तकी उच्चार सावकाश येतो. पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली, बोलणाऱ्या पोरांचं मात्र वेगळं. शब्द जुळवला तरी अर्थ कानात नसतो, म्हणून शब्द आधी बोलण्यात आण, मग फळ्यावर.

२०२१ च्या निपुण भारत या केंद्राच्या अभियानात तिसरीअखेर पोरांना वाचता-लिहिता यावं असं उद्दिष्ट आहे. चौथीत मागे राहिलेल्यांचं तुलाच बघावं लागेल. त्यांना पहिलीचं पुस्तक हातात देऊ नकोस, वर्ग हसतो. वहीत त्यांना शिकवून झालेल्या अक्षरांचीच वाक्यं लिहून दे: ‘काका, गाडी काढा. बाजार लांब आहे.’ रोज थोडा वेळ, दोघातिघांनाच जवळ बसवून. अक्षरांचे पुढचे गट लागले तर कळव, लिहून पाठवते.

तुझ्या बाई