सिंथेटिक गांजा बरीच वर्षं ओढला तर मेंदूवर काय परिणाम होतो? तो कायमचा असतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा रूममेट दोन वर्षं 'स्पाइस' ओढतोय आणि त्याचं म्हणणं असं, की हा गांजाच आहे, फक्त युरिन टेस्टमध्ये येत नाही. ते 'टेस्टमध्ये येत नाही' वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, वीस वर्षं होऊन गेली. या एका मुद्द्यावरून आमच्या घरात बहिणी-बहिणींचं बोलणं बंद पडलं होतं.

परिणाम होतो. स्मरणशक्ती, लक्ष, स्वतःला आवरण्याची ताकद, झोप, सगळ्यावर होतो. काहींना भास आणि संशयाचा आजार जडतो, काहींना फिट येतात. बरंचसं भरून निघतं, पण सगळ्यांचं सगळं भरून निघत नाही.

आणि हा गांजा नाही. कुठल्यातरी वाळलेल्या पाल्यावर प्रयोगशाळेतलं रसायन ॲसिटोनसारख्या द्रवात विरघळवून फवारतात आणि चकचकीत पाकिटात भरतात. त्यातलं सुरुवातीचं एक, जेडब्ल्यूएच-०१८, अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन यांच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी तयार झालं होतं. २००८ मध्ये तेच युरोपात 'स्पाइस'च्या पाकिटात सापडलं. त्यावर बंदी आली की रेणूत थोडा फेरफार करून नवं बाजारात येतं. त्यामुळे तुमचा रूममेट दोन वर्षं एकच गोष्ट ओढतोय असं समजू नका. पाकीट तेच असलं तरी आतलं रसायन दर खेपेला वेगळं असू शकतं. फवारणीही सारखी नसते, एकाच पुडीत एका चिमटीत काहीच नाही आणि दुसरीत चौपट.

मेंदूत सीबी-१ नावाचे रिसेप्टर असतात. आठवण साठवणारा हिपोकॅम्पस, विचार आणि आवर सांभाळणारा कपाळामागचा भाग, तोल सांभाळणारा लहान मेंदू, सगळीकडे ते दाट आहेत. एका पेशीने दुसरीला किती जोरात निरोप द्यायचा हे ते ठरवतात. गांजातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, त्यांना अर्धवट चालू करतं. ही रसायनं पूर्ण चालू करतात आणि चिकटूनही जास्त बसतात. पंख्याचा रेग्युलेटर दोनवर ठेवणं आणि पाचवर नेऊन अडकवणं, एवढा फरक. रोज असं झालं की मेंदू स्वतःचे रिसेप्टर कमी करत जातो. मग माल नसेल तेव्हा माणूस नुसता बसूही शकत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. माझा भाचा कोपरखैरण्याला राहतो, तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. ताईकडे पाच दिवसांचा गणपती असतो. अथर्वशीर्ष हा मुलगा लहानपणापासून पाठ म्हणायचा, सोसायटीतली माणसं त्याच्या मागोमाग म्हणायची. त्या वर्षी तो एका ओळीशी अडला, मागे गेला, परत त्याच ओळीशी अडला. सगळे हसले. मी त्याचे हात बघत होते, घामाने ओले झाले होते. त्याच रात्री त्याला फिट आली.

वाशीच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटलं की हा काहीतरी ओढतो, गेले काही महिने मला शंका आहे. त्यांनी युरिनची ड्रग टेस्ट केली. सगळं निगेटिव्ह. भावजींनी तो कागद कॅज्युअल्टीच्या बाहेर सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला. म्हणाले, "घे, तुझ्याच लाइनचा रिपोर्ट आहे. वाचता येतो ना?"

वाचता येतो म्हणूनच बोलत होते. युरिन टेस्टचं ते कार्ड गांजा शोधत नाही. टीएचसी शरीरात मोडल्यावर लघवीत जो पदार्थ उतरतो, तेवढाच ते ओळखतं, तोही साधारण मिलीलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या वर असला तर. सिंथेटिक मालाचे रेणू घडणीनेच वेगळे, कार्डाला ते दिसणारच नाहीत. त्यासाठी एलसी-एमएस नावाचं यंत्र लागतं, आणि त्यातही ज्या रसायनांची नावं आधी भरलेली असतील तीच सापडतात. हे मी तिथे उभ्या उभ्या सांगितलं. ऐकून घेतलं नाही. आठवड्याभरात सगळ्या नातेवाइकांत पसरलं की मावशीने पोराला गर्दुल्ला ठरवलं. ताईने फोन उचलणं बंद केलं.

मग एमआरआय झाला, ईईजी झाला, तेही नॉर्मल. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. मुलगा रात्र रात्र जागा राहायचा आणि म्हणायचा की खालचा वॉचमन माझ्या येण्याजाण्याच्या वेळा लिहून ठेवतो. भावजींच्या मते परीक्षेचं टेन्शन. गावाहून कुणी सांगितलं बाहेरचं आहे, तर लिंबू-नारळही उतरवून झाले. नॉर्मल रिपोर्टांची फाइल जाडजूड होत गेली आणि प्रत्येक रिपोर्टबरोबर तो अजून ओढत राहिला, कारण त्याला माहीत होतं की यात काही येत नाही. म्हणून तर ही पोरं गांजा सोडून याच्याकडे वळतात. हॉस्टेल, नोकरीची मेडिकल, आईबाप, सगळ्यांना चकवता येतं.

शेवटी ताईलाच पोटमाळ्यावर, जुन्या दप्तरात पाकिटं मिळाली. वर लिहिलेलं, 'सुगंधी धूप, मानवी सेवनासाठी नाही'. तिने मला फोन केला आणि नुसती रडत राहिली. दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या एका मनोविकारतज्ज्ञांच्या टेबलावर मी ते पाकीट ठेवलं, रिपोर्टांची फाइल नाही. त्यांनी पाकीट बघितलं आणि लगेच ॲडमिट करायला सांगितलं.

माल बंद झाल्यावरचे पहिले दिवस वाईट होते. घाम, उलट्या, धडधड, अजिबात झोप नाही, हाताला येईल ते फेकणं. गांजा सोडतानाही चिडचिड होते, भूक जाते, पण हे त्याच्या कितीतरी पुढचं. भावजी तरीही म्हणायचे, "गांजाची कुठे एवढी सवय लागते? आमच्याकडे जत्रेत म्हातारे ओढायचे, शंभरीला टेकले." भावजी, त्या म्हाताऱ्यांच्या चिलमीत झाडाचा पाला होता. २०१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये असंच एक पाकीट ओढून एका दिवसात ३३ माणसं रस्त्यावर भुतासारखी, शून्य नजरेने कण्हत उभी राहिली. त्यात जे रसायन निघालं ते टीएचसीच्या सुमारे ८५ पट तीव्र होतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यात अशाच मालात उंदीर मारायचं औषध मिसळलेलं निघालं, लोकांना रक्तस्राव होऊ लागला, काही गेले. जत्रेतली चिलीम आणि हे एका पंगतीत बसवू नका.

संशय आणि भास काही आठवड्यांत गेले. झोपेला महिने लागले. आठवण सर्वात उशिरा परतली. परिच्छेद वाचून संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायची. दुकानात चार वस्तू सांगितल्या तर दोन आणायचा. असे दीर्घकाळ ओढणारे, साधा गांजा ओढणारे आणि काहीच न ओढणारे, यांची तुलना झालेली आहे. गोष्ट डोक्यात धरून काम करणं आणि चटकन येणारी चुकीची प्रतिक्रिया रोखणं, यात सिंथेटिकवाले गांजावाल्यांपेक्षाही मागे पडले. आमच्या घरात ते रोज दिसत होतं. आता तो रबाळे एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो, चांगलं सांभाळतो, पण सगळं वहीत लिहून. पूर्वी तोंडी करायचा ते हिशोब आता कॅल्क्युलेटरवर करतो.

कायमचा का, या प्रश्नावर: रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले तेव्हा सीबी-१ रिसेप्टर कमी झालेले दिसले, आणि साधारण चार आठवडे बंद ठेवल्यावर ते जवळजवळ पूर्ववत झाले. तो अभ्यास गांजाचा आहे. त्यावरून आशा धरा, हमी धरू नका. वय विशी-बाविशीचं असेल तर जास्त काळजी करा, कारण कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर धोका आणखी वाढतो.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. सिंथेटिकवरचे अभ्यास लहान आहेत, त्यातले बरेच जण दारू आणि इतर नशाही करणारे होते, त्यामुळे कुठलं नुकसान कशाने झालं हे काटेकोर वेगळं काढता येत नाही. प्रत्येकाला फिट येईलच असंही नाही.

रूममेटला 'आजपासून बंद' असं एकट्याने करायला लावू नका, रोज ओढणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावं. फिट आली, छातीत दुखलं, भान हरपलं तर वाट न बघता कॅज्युअल्टीत न्या. पाकीट किंवा व्हेपची बाटली फेकू नका, बरोबर न्या आणि 'गांजा' म्हणू नका, 'सिंथेटिक कॅनाबिनॉइड' असं स्पष्ट सांगा. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक त्रासासाठी टेलि-मानस १४४१६. पोलिसांच्या भीतीने तो उपचार टाळत असेल तर सांगा की स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमाने सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण दिलेलं आहे, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

आणि त्याच्या घरी कळवा. वडील निगेटिव्ह रिपोर्ट पुढे करतील. त्या कागदावर कोणकोणत्या पदार्थांची तपासणी झाली त्यांची नावं छापलेली असतात, त्यांना ती मोठ्याने वाचायला सांगा.