शंभर शब्दांत बसवायचं तरी काय?

गणपती आले की दिवाळीपर्यंत सोसायट्या, वाचनकट्टे, जुन्या वर्गमित्रांचे गट यांच्या ऑनलाइन कथास्पर्धांना ऊत येतो. त्यातला लाडका प्रकार म्हणजे शतशब्दकथा, बोलताना 'शशक'. बहुतेक ठिकाणी नियम असा असतो, की शीर्षक सोडून नेमके १०० शब्द. बक्षीस फार तर एखादं पुस्तक. तरीही आलेले प्रश्न वाचले तर लिहिणाऱ्यांनी किती जीव ओतला आहे ते कळतं, म्हणून या वेळचं सदर त्यांच्यासाठी.

कथा ३०० शब्दांची झाली आहे. वाक्यं कापून १८० पर्यंत आले, पुढे कात्री चालत नाही. काय करू?
(वाचक, कोथरूड)

कात्री चालत नाही, कारण ३०० शब्दांत तुम्ही बहुधा तीन प्रसंग लिहिले आहेत. ते तिन्ही थोडे थोडे छाटले की कथेचा सारांश होतो आणि सारांश कुणाच्या मनात राहत नाही. आधी एक प्रसंग निवडा: एक जागा, दोन माणसं, पाच-दहा मिनिटांचा काळ. बाकीचे दोन प्रसंग पुसून टाका. त्यातलं जे अगदी हवंच आहे ते एखाद्या वस्तूतून किंवा संवादातून आत येऊ द्या.

मग वाक्याकडे वळा. 'पाणी' हा विषय आहे असं समजू आणि पहिल्या खर्ड्यात हे वाक्य आहे:

'त्या दिवशी सकाळपासूनच खूप जोराचा पाऊस पडत होता आणि भिडे पूल पाण्याखाली गेला होता, त्यामुळे आजोबांना नेहमीप्रमाणे नदीपलीकडे राहणाऱ्या आपल्या मित्राकडे जाता येणार नव्हतं याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.'

हे झाले ३० शब्द. आता हे पाहा:

'भिडे पूल पाण्याखाली. आजोबांनी बुद्धिबळाचा डबा पिशवीत घातला, काढला, पुन्हा घातला.'

हे ११. पाऊस वेगळा सांगावा लागला नाही, पूल बुडाला यात तो आला. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद होतो हे पुणेकराला ठाऊकच असतं. नागपूरच्या वाचकाला ठाऊक नसलं तरी 'पाण्याखाली' एवढ्यानं त्याचं भागतं. मित्र बुद्धिबळाच्या डब्यातून आला, कारण तो खेळ एकट्याचा नाही. आणि 'वाईट वाटत होतं' हे हातांनी सांगितलं. वाचलेले १९ शब्द म्हणजे कथेचा जवळजवळ पाचवा हिस्सा. तिथे आजोबांचं एखादं वाक्य येऊ शकतं, फोनची रिंग येऊ शकते.

आमचा सल्ला असा: पहिला खर्डा १५० शब्दांच्या आसपास लिहा, एक रात्र जाऊ द्या, सकाळी मोठ्यानं वाचा. जीभ अडखळते तिथे बहुतेक वेळा जास्तीचा शब्द सापडतो. 'अचानक', 'खूप', 'अगदी', 'तेवढ्यात', 'जणू काही' हे आधी काढा. ११० वर आलात की थांबा आणि पुन्हा एक दिवस जाऊ द्या. शेवटचे दहा शब्द घाईत काढले तर नेमकं मर्माचं वाक्य लंगडं होतं.

माझ्या मोजणीत १०० शब्द भरतात, संयोजक म्हणतात १०३. बरोबर कोण?
(वाचक, सदाशिव पेठ)

दोघांनीही शब्द नव्हे, मोकळ्या जागा मोजल्या असणार. शब्द मोजणारी साधनं दोन जागांच्या मधलं जे काही असेल त्याला एक शब्द धरतात. तुम्ही संवादाआधी डॅश टाकून दोन्ही बाजूंना जागा सोडली असेल, तर मायक्रोसॉफ्ट वर्ड त्या डॅशलाही शब्द म्हणतो. असे तीन डॅश असले की १०३ झालेच. उलटही घडतं: पूर्णविरामानंतर जागा सुटली नसेल, 'गेला.तो' असं टाइप झालं असेल, तर दोन शब्दांचा एकच धरला जातो. म्हणून पाठवण्याआधी डॅश आणि टिंबं तपासा, आणि संयोजक कोणतं साधन वापरतात ते विचारून त्यातच मोजा.

पण खरी गफलत जोडून-तोडून लिहिण्यात होते. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच लिहायचं: घरासमोर, झाडाखाली, आईसाठी, तुझ्याबरोबर. 'घरा समोर' हे चूकच, आणि त्यात एक शब्द फुकट जातो. 'हळूहळू', 'मधूनमधून' हेही एकेकच शब्द. याउलट 'त्या वेळी' हे दोन शब्द आहेत आणि 'बसूनराहिला' असा शब्दच मराठीत नाही. मोजणीत बसावं म्हणून शब्द चिकटवू नका. परीक्षकाला ते पहिल्या वाचनातच खुपतं, आणि भाषेवर प्रेम असलेल्या माणसानं ते करूही नये.

मराठीनं सचोटीनं दिलेली सवलत काही कमी नाही. 'खिडकीतल्यासारखं', 'माळ्यावरच्यासुद्धा' हा प्रत्येकी एकच शब्द, आणि 'गेला आहे' या दोन शब्दांचा बोलीत 'गेलाय' होतो. मात्र निवेदन 'गेलाय'मध्ये सुरू केलंत तर शेवटपर्यंत तोच बाज ठेवा. मधेच 'गेला आहे' आलं तर तिथे शब्द भरून काढल्याचं दिसतं.

शब्दांऐवजी अक्षरांची मर्यादा असेल तर आणखी सावध राहा. संगणक जोडाक्षर सुटं करून मोजतो. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर. संगणकाच्या हिशेबात ते सहा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली कथा फॉर्ममध्ये चिकटवली तर समोरच्याला अगम्य चिन्हं दिसतात. ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर रफार नि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

शेवटी धक्का हवाच का?
(वाचक, हडपसर)

नाही. निवेदक आधीच मेलेला होता, सगळं स्वप्न होतं, 'तो' म्हणजे कुत्रा निघाला, भिंतीवरच्या फोटोला हार होता: हे चार शेवट वाचकांना पाठ झाले आहेत. एक परीक्षा करून पाहा. शेवटचं वाक्य बोटानं झाका. वर काहीच उरत नसेल, तर ती कथा नव्हे, कोडं आहे. एकदा सुटलं की कुणी पुन्हा हात लावत नाही. धक्का द्यायचाच असेल तर त्याची खूण पहिल्या तीस-चाळीस शब्दांत उघड्यावर ठेवा, म्हणजे दुसऱ्या वाचनात ती सापडेल. आणि शीर्षकात गुपित फोडू नका. शीर्षक मोजणीत धरत नसतील तर ते तुम्हाला मिळालेले जास्तीचे शब्द आहेत. जागा, काळ किंवा नातं तिथे सांगून टाका.

स्पर्धा निनावी आहे. माझ्या कथेखाली तिघांनी 'कळली नाही' असं लिहिलंय. समजावून सांगू का?
(वाचक, बाणेर)

निकाल लागेपर्यंत गप्प राहा. उत्तर दिलंत की लेखक कोण ते उघड होतं, दुसऱ्या नावानं दिलंत तर तो खोटेपणा होतो. तीन जणांना कळली नसेल तर कुठला दुवा राहिला ते शोधून टिपून ठेवा. बहुधा तुमच्या डोक्यात असलेलं नातं कागदावर आलेलं नसतं. 'ती' आई की बायको, हे एका शब्दात सांगता आलं असतं. तोवर इतरांच्या कथांवर लिहा, पण 'छान' एवढ्यावर थांबू नका. कुठलं वाक्य लागलं आणि कुठे अडकायला झालं ते सांगा. हौशी स्पर्धेत लेखकाला मिळणारी खरी कमाई तीच.

परदेशातल्या मित्रांच्या स्पर्धेची मुदत 'रात्री ११.५९, न्यू यॉर्क' आहे. म्हणजे आपल्याकडे कधी?
(वाचक, सहकारनगर)

दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यांच्या उन्हाळी वेळेत ९.२९, हिवाळी वेळेत १०.२९. 'रात्री १२ पर्यंत' असं मोघम लिहिलं असेल तर आदली रात्र धरून चाला.

व्हॉट्सॲपवर टाकलेली कथा स्पर्धेला चालते का? आणि नियमात 'सर्व हक्क संयोजकांकडे' असं लिहिलंय, ते मान्य करावं का?
(वाचक, औंध)

'पूर्वप्रकाशित नसावी' अशी अट असेल तर गटावर टाकलेली कथा अनेक संयोजक प्रकाशितच धरतात. आधी विचारा. हक्कांचं म्हणाल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहून झाली की हक्क तुमचाच, नोंदणीची सक्ती नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत एवढाच तो व्यवहार समजतात. मित्रांच्या स्पर्धेला सगळे हक्क लागत नाहीत. 'निकालासोबत आणि अंकात एकदा प्रसिद्ध करण्याची परवानगी' एवढं पुरे. तसा बदल नम्रपणे सुचवा. नुसती कल्पना मात्र कायद्यानं राखली जात नाही, तेव्हा ती पाठवण्याआधी चारचौघांत सांगत बसू नका.

आमच्या सोसायटीत स्पर्धा घ्यायची आहे. मतदान कसं ठेवावं?
(वाचक, धनकवडी)

लाइक मोजू नका. पहिल्या दिवशी आलेल्या कथेला आठवडाभर लाइक मिळतात आणि शेवटच्या दिवशीची बिचारी उपाशी राहते. सगळ्या प्रवेशिका एकाच वेळी, नाव काढून आणि क्रम चिठ्ठ्या टाकून लावा. वर्डची फाइल आली असेल तर तिच्या माहितीत लेखकाचं नाव राहून जातं, म्हणून मजकूर नव्या फाइलमध्ये उतरवून घ्या. प्रत्येकानं तीन कथा निवडायच्या, त्यांना ३, २, १ गुण. स्वतःच्या कथेला मत नाही. बरोबरी झाली तर जिला पहिली पसंती जास्त ती पुढे. चाळीस कथा आल्या तरी ४,००० शब्दच होतात, अर्ध्या तासाचं वाचन. तेव्हा सगळ्या वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा नियम ठळक अक्षरांत लिहा आणि वाचायला निदान चार दिवस द्या, त्यात एक रविवार येऊ द्या.