गावातल्या वावरातून १६० मीटर आणि त्याखालचे हॅम बँड : सुरुवात टॉवरपासून करू की ट्रान्समीटरपासून?

तुमचा प्रश्न मला असा कळला : हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना नुकताच हातात आलाय, गावाला लागून चार एकर वावर आहे, १६० मीटर (१८०० किलोहर्ट्झजवळचा पट्टा) आणि जमलं तर त्याच्याही खालच्या, म्हणजे आणखी कमी फ्रिक्वेन्सीच्या, बँडवर जायचंय, तर पैसे आधी टॉवरला घालावे की शंभर वॅटच्या ट्रान्समीटरला?

भाऊ, आत्ता दोन्ही राहू द्या. एक सेलवरचा साधा मिडियम वेव्ह रेडिओ घ्या आणि रात्री नऊनंतर वावरात फिरून या.

मी यवतमाळ जिल्ह्यात मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवतो. दिवसभर जळालेल्या सबमर्सिबलच्या मोटरी, रात्री रेडिओ. सुरुवात मीही उलटीच केली होती. आधी सेट आणला, मग तार टांगली, आणि कानाला हेडफोन लावला तर नुसतं टक्... टक्... टक्. सेकंदाला एक, घड्याळ लावल्यासारखं. सेटच खराब निघाला म्हणून मी दोन दिवस उघडून बसलो. तिसऱ्या रात्री खिशातला रेडिओ ५३० किलोहर्ट्झजवळच्या रिकाम्या जागेवर लावला आणि धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, चालत गेलो. शेजाऱ्याच्या कुंपणाकडे टकटक वाढत गेली, आणि एका कोपऱ्यावर दिसलंच : झटका मशीनची (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राची) तार तुटली होती तिथे नुसता पीळ देऊन जोडलेली, आणि त्या गंजक्या गाठीत दर सेकंदाला निळी ठिणगी. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) यांच्यापायी आता वावरागणिक झटका मशीन आहे, तेव्हा हा ताप तुम्हाला होणारच. शेजाऱ्याशी भांडू नका. गाठ घासून क्लॅम्प लावून द्या, तारेला टेकलेलं गवत कापा. माझा आवाज गेला आणि त्याचा झटका कुंपणाच्या शेवटपर्यंत पोचायला लागला, म्हणून तो अजून चहा पाजतो.

बाकीचे आवाज : एलईडी बल्ब, स्वस्त चार्जर, लाइनच्या खांबावरचा तडकलेला चिनी मातीचा इन्सुलेटर. सौर पंपाचा कंट्रोलर दिवसा कितीही बोंबलला तरी आपल्याला फरक पडत नाही, कारण खालचे बँड लांबवर चालतात ते रात्रीच. दिवसा आयनोस्फिअरचा (उंचावरच्या विद्युतभारित हवेचा) डी थर या लहरी शोषून घेतो. तो सूर्य मावळल्यावर विरतो. शेतीची लाइन गेली की लोक वैतागतात, मी त्या वेळी हेडफोन घालतो. लाइन असताना आणि नसताना, दोन्ही वेळा ऐका. जो आवाज लाइनीबरोबर जातो तो तारेतून येतोय. लाइन गेल्यावरही उरतो तो बॅटरीवरच्या झटका मशीनचा किंवा आभाळाचा. मे-जूनमध्ये आभाळाचा इतका असतो की ऐकण्यात अर्थ नाही. कार्तिकापासून महाशिवरात्रीपर्यंत आपला हंगाम.

आता उंचीचं. १८२० किलोहर्ट्झला तरंगलांबी सुमारे १६५ मीटर, म्हणजे पाव लांबीचा उभा खांब हवा तर ४१ मीटर. तो तुम्ही उभारणार नाही, मीही उभारला नाही. मी कडुनिंबाचा आधार घेतला : १२ मीटर तार सरळ वर, तिथून २८ मीटर आडवी दुसऱ्या झाडाकडे. याला इनव्हर्टेड एल म्हणतात. गलोलीनं नायलॉनची दोरी फांदीवरून फेकायची, दोरीला कप्पी, आणि दोरीच्या खालच्या टोकाला पाण्यानं भरलेली पाच लिटरची कॅन. वाऱ्यानं झाड हललं की कॅन वर-खाली होते, तार तुटत नाही. दोरी थेट खोडाला बांधली होती तेव्हा पहिल्याच वादळात तुटली.

या तारेत ऊर्जा खरोखर हवेत सोडणारा भाग, म्हणजे रेडिएशन रेझिस्टन्स, फक्त ८ ओहमच्या आसपास असतो. बाकी जे काही मीटरवर दिसतं ते जमिनीत जाणारं नुकसान. आणि इथेच बहुतेक नवे लोक फसतात, मीही फसलो. सुरुवातीला चार रेडियल, म्हणजे अँटेनाच्या बुडापासून जमिनीवर चहूकडे पसरलेल्या तारा, टाकले होते. नॅनोव्हीएनएनं (अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रानं) मोजलं तर ५२ ओहम, आणि सेटला हवे असतात ५०. एसडब्ल्यूआर, म्हणजे सेट आणि अँटेना किती जुळतात त्याचा आकडा, जवळजवळ १, म्हणजे उत्तम! मी खूश. मग वाचलं की रेडियल जास्त हवेत, म्हणून सोळा केले. मोजलं तर ३१ ओहम, एसडब्ल्यूआर १.६. वाटलं, कुठेतरी जोड बिघडला. अख्खा रविवार जोड तपासण्यात गेला. बिघडलं काहीच नव्हतं. आधी ५२ पैकी ८ कामाचे होते, म्हणजे शंभर वॅट दिले तर पंधरा बाहेर, उरलेल्यात गांडुळं शेकत होती. आता ३१ पैकी ८, म्हणजे पंचवीस-सव्वीस. मीटर वाईट दाखवत होता आणि अँटेना सुधारली होती. म्हणून खालच्या बँडवर एसडब्ल्यूआर १.१ आला की पेढे वाटू नका, आधी रेडियल मोजा. खराब जमीन मीटरला बऱ्याचदा गोड दिसते.

टॉवरला घालायचे पैसे रेडियलच्या तारेला घाला म्हणतो ते यासाठी. तार कुठली? सबमर्सिबल मोटरच्या वायंडिंगची. तिच्यावर पाणी आत न जाणारं प्लास्टिकचं आवरण असतं, कारण ती जन्मभर बोअरच्या पाण्यात असते. काळ्या मातीत तिला काहीच होत नाही. रिवायंडिंगच्या दुकानात रिळाच्या शेवटी उरलेले तुकडे मिळतात. जळालेल्या मोटरीतून काढलेली तार मात्र घेऊ नका, ती कडक होऊन मोडते. एनॅमलची साधी तार चालते, पण जोडाला एनॅमल नीट खरवडून मगच सोल्डरचा डाग द्या. प्रत्येक रेडियल पाव लांबीचाच हवा असं नाही. जमिनीवर पडलेल्या तारेला लांबीचं फार सोयरसुतक नसतं. वीस-वीस मीटरचे सोळा हे चाळीस-चाळीसच्या चारांपेक्षा बरे.

आपली काळी माती ओली असली की चांगली, उन्हाळ्यात भेगा पडल्या की हातभर आत वाळते आणि आकडा बदलतो. एकदा मे महिन्यात रेडियल टाकून मोजलं, तर माझा ३१ चा ३८ झाला होता. त्याला इलाज नाही, आणि मे महिन्यात बँडवर ऐकायला तरी काय असतं?

ऐकण्यासाठी वेगळी तार हवी, हे लक्षात ठेवा. पाठवायची तार आवाजही भरपूर गोळा करते. सुरुवातीला बांबूच्या चौफुलीवर एक मीटर बाजूचा लूप करा आणि हातानं फिरवा. लूपची चपटी बाजू ज्या आवाजाकडे तोंड करते तो आवाज दबतो. पुढे मन झालं तर धुऱ्यावरून दीडशे मीटर लांब, दोन-अडीच मीटर उंचीवरची बेव्हरेज अँटेना टाकता येते. गंमत म्हणजे ती चांगल्या जमिनीपेक्षा वाईट जमिनीवर बरी चालते, म्हणजे बरडावर. आयुष्यात बरडाचा एवढाच फायदा मी पाहिला.

ट्रान्समीटरचं सांगतो, यात वेळ घालवण्यासारखं कमी आहे. परवाना रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा असेल, कॉलसाइन (हवेतलं तुमचं ओळखनाव) व्हीयू३ नं सुरू होत असेल, तर शंभर वॅटचा विषयच मिटतो. मर्यादा ५० वॅटची. पहिल्या हंगामाला ८० मीटर धरा. हैदराबादच्या अशर फरहान यांनी आखलेल्या बिटएक्स घराण्यातला यूबिटएक्स हा सेट ३ ते ३० मेगाहर्ट्झ चालतो, त्यात ८० मीटर येतो. पण माझी चाळीस मीटरची तार ८० ला अर्धी लांबी होते, तिच्या बुडाशी हजारो ओहम दिसतात आणि सेट तिला ओळखत नाही. त्याच कप्पीवरून वीस मीटरची दुसरी तार सोडा, काम झालं.

१६० ला स्वतः बनवायचं असेल तर मोर्सपासून. एसआय५३५१ या चिपवर ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग), पुढे ताकद वाढवायला आयआरएफ५१० मॉस्फेट, १२ व्होल्टच्या बॅटरीवर पाच वॅट निघतात. खालच्या बँडचं सुख हे की पॉवर सप्लायमध्ये वापरतात तसले स्वस्त स्विचिंग मॉस्फेट इथे आरामात चालतात. पण स्विचिंग म्हणजे चौकोनी लहर, आणि चौकोनी लहरीत तिप्पट फ्रिक्वेन्सी असतेच. १८२० ची ५४६० किलोहर्ट्झला जाते. लो पास फिल्टरशिवाय, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या गाळणीशिवाय, तार जोडायची नाही.

एक फसवणूक आधीच सांगून ठेवतो. एफटी८ आणि डब्ल्यूएसपीआर या कॉम्प्युटरवरून सिग्नल पाठवायच्या पद्धती. जगात १६० वर एफटी८ चालतं १८४० किलोहर्ट्झला, डब्ल्यूएसपीआर १८३६.६ ला. सॉफ्टवेअरमध्ये हेच आकडे आधीपासून भरलेले असतात. आपल्याकडचा १६० चा पट्टा १८०० ते १८२५. म्हणजे तिथे बटण दाबलं की तुम्ही बँडबाहेर. ऐका खुशाल, पाठवू नका. ८० चे ३५७३ आणि ३५६८.६ मात्र आपल्या ३५०० ते ३७०० मध्ये बसतात. परवान्यासोबतची बँडची यादी सेटच्या वर चिकटवून ठेवा, शेवटचा शब्द तिचा.

आणि "त्याच्याही खालचे"? जागतिक पातळीवर हॅमना १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मिळाले आणि ४७२ ते ४७९ हे २०१२ च्या. तुमच्या यादीत ते छापलेले नसतील तर फक्त ऐकायचं. तरी हिशेब करून बघा, मजा येते. माझीच तार १३७ वर लावली तर रेडिएशन रेझिस्टन्स फार तर ०.०५ ओहम. तिला जुळवायला सुमारे ६ मिलिहेन्रीची कॉइल लागेल, बादलीएवढ्या पीव्हीसीवर शेकडो वेढे. सगळं मिळून ४० ओहमचं नुकसान धरलं तर शंभर वॅटमधून हवेत जातो फार तर एका वॅटचा आठवा भाग. करंट दीड अँपिअर, आणि कॉइलच्या वरच्या टोकाला ८००० व्होल्ट. मोटरवाल्याच्या तोंडून ऐका : हा आकडा वाळलेल्या पऱ्हाटीच्या शेजारी ठेवायचा नसतो. लोक तरीही करतात, आणि तेवढ्यात समुद्र ओलांडतात.

ऐकायला मात्र आजच सुरुवात करा. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा रिसीव्हर) मोबाइलवर उघडा, शून्यापासून २९ मेगाहर्ट्झपर्यंत सगळं ऐकू येतं. ४७५ वर तिकडचे हॅम सापडतील. घरचं हवं असेल तर लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत तारेची मोठी कॉइल जोडा आणि स्पेक्ट्रम लॅब हे सॉफ्टवेअर चालवा. साउंड कार्ड ४८ किलोहर्ट्झवर नमुने घेतं म्हणजे २४ पर्यंत दिसतं. १८.२ वर एक जाड रेघ दिसली तर ती तिरुनेलवेलीजवळच्या आयएनएस कट्टबोम्मन या नौदलाच्या केंद्राची, पाणबुड्यांसाठीची. चार्जर काढून, बॅटरीवर बघा, नाहीतर चार्जरचीच रेघ दिसेल. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी बायकोला उठवून दाखवली. तिनं "बरं" म्हटलं.

विजेचं दोन ओळीत : उन्हाळ्यात कोरड्या वाऱ्यानंही लांब तारेवर चार्ज साचतो, म्हणून तारेपासून जमिनीला १ लाख ओहमचा रेझिस्टर कायम जोडलेला ठेवा. आभाळ गडगडलं की तार सेटपासून काढून घराबाहेर अर्थिंगला टाका. आणि ११ केव्हीच्या लाइनखालून, वरून, जवळून, कुठूनच तार नेऊ नका. तुटली तर कुठे पडेल हे आधी बघा.

राहिलं रेडियल कधी टाकायचे. माझे पहिले आषाढात टाकले होते. डवऱ्याला (कोळप्याला) गुंडाळून बैलाच्या पायापर्यंत आले आणि गड्यानं मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. कपाशीची शेवटची डवरणी झाली की मग पऱ्हाटी उपटेपर्यंत वावरात अवजार जात नाही, आणि नेमका तोच आपला रेडिओचा हंगाम. तेव्हा तासातासानं, म्हणजे कपाशीच्या ओळीओळीनं, तार जमिनीला चिकटवून टाका, हातभर अंतरावर वाकवलेल्या तारेचे आकडे ठोका, वेचणीच्या बायांना दाखवून ठेवा, आणि पाठवणं फक्त रात्रीच. प्रत्येक टोकाला लाल चिंधी बांधा आणि पऱ्हाटी काढायच्या आधी चिंध्या मोजून तार गुंडाळा. सोळा बांधल्या असतील तर सोळा निघाल्या पाहिजेत. माझ्या मागच्या वर्षी पंधराच निघाल्या, सोळावी ट्रॅक्टरवाल्याला सापडली.