ऑनलाइन बुद्धिबळात समोरचा मुद्दाम वेळ काढत बसला, तर काय म्हणायचं? आणि घड्याळावर जिंकणं हे जिंकणं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा बारा वर्षांचा आहे, मोबाइलवर दहा मिनिटांचे डाव खेळतो. हरत आलेले खेळाडू चाल न करता नुसते बसून राहतात, वर चॅटमध्ये वाट्टेल ते लिहितात. मुलगाही कधीकधी हरता डाव शेवटच्या सेकंदांत समोरच्याचा वेळ संपवून जिंकतो आणि उड्या मारतो, ते तुम्हाला पटत नाही. यात नियम कुठला आणि रीतभात कुठली?

आधी उत्तर देतो, मग कारणं. नुसतं बसून राहणं गैर. शिव्या त्याहून गैर. घड्याळावर जिंकण्यात काहीही गैर नाही, उड्या मारू द्या त्याला.

मी स्पर्धेच्या हॉलमध्ये वाढलेला खेळाडू. तिथे समोरचा वीस मिनिटं विचार करत बसला तरी बिघडत नाही. आपण उठतो, चहा घेतो, दुसऱ्यांचे पट बघून येतो. डावाआधी हात मिळवायचा, संपल्यावर मिळवायचा, एकमेकांच्या स्कोअरशीटवर सह्या करायच्या, जमलं तर बाहेर जाऊन दोघांनी मिळून डाव पुन्हा मांडायचा. फोनवर यातलं काहीच नाही. समोर एक टोपणनाव आणि रेटिंगचा, म्हणजे खेळाच्या ताकदीचा, आकडा. त्या माणसाशी आपलं देणंघेणं उरतं ते दोनच बाबतींत: त्याने आपल्यासाठी काढलेला वेळ वाया घालवायचा नाही, आणि खेळी स्वतःच्या डोक्याने करायच्या. माझ्या हिशेबी ऑनलाइन रीतभात इथे सुरू होते आणि जवळपास इथेच संपते. बाकी ज्या गोष्टींवरून लोक रुसतात त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या नाराजीच्या असतात.

आता तो बसून राहणारा. दहा मिनिटांचा डाव, त्याच्याकडे एकटा राजा आणि दोन प्यादी, तुमच्या मुलाकडे हत्ती जास्त, मात तीन खेळींवर. त्याच्या घड्याळात चार मिनिटं शिल्लक. तो हलत नाही. तुम्हाला वाटतं, गेला असेल कुठेतरी. तो गेलेला नसतो. पाच-सात सेकंद उरले की अचानक एक खेळी येते. एवढा वेळ वाट बघून तुम्ही दुसऱ्या टॅबवर गेला असाल, किंवा फोन ठेवून जेवायला बसला असाल, आणि आता घड्याळ तुमचं पळायला लागलंय, हा त्याचा डाव असतो. म्हणून मुलाला एवढंच सांगा की पटावरून नजर हटवायची नाही. आवाज चालू ठेवायचा, खेळी आली की कळतं. चॅटमध्ये ‘खेळ ना’ म्हणून विनवण्या करायच्या नाहीत, त्याला तेच हवं असतं.

लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर समोरचा पान बंद करून खरंच निघून गेला, तर थोड्या वेळाने विजयाचा दावा करायचं बटण येतं, हवं तर बरोबरीही घेता येते. टॅब उघडी ठेवून बसलेल्याचं मात्र अवघड आहे. विचार करतोय की छळतोय हे एका डावावरून यंत्राला कळणार कसं? पण वारंवार असं करणाऱ्याची नोंद होत राहते आणि त्याला काही काळ खेळायला बंदी घातली जाते. काळी मोहरी आली म्हणून पहिल्याच खेळीआधी डाव रद्द करणाऱ्यांचंही तेच होतं.

वेळ वाया घालवणारे फक्त हरणारेच असतात असं नाही. समोर एकटा राजा उरलाय, एका वजिराने मात होते, तरी हे महाशय एकेक प्यादं पुढे सरकवत तीन-तीन, चार-चार वजीर करत बसतात. नियमात बसतं. मला मात्र त्या बसून राहणाऱ्याइतकाच हा माणूस नकोसा वाटतो. (अशा वेळी डाव सोडू नये. चार वजिरांच्या गर्दीत स्टेलमेट, म्हणजे राजाला शह नाही पण करायला चालही नाही अशी बरोबरी, फार लवकर होतो आणि अर्धा गुण आयता मिळतो.)

घड्याळाकडे येऊ. तुम्हाला वाटतं की चांगली स्थिती असलेला हरला म्हणजे अन्याय झाला. पण दहा मिनिटं दोघांना सारखीच मिळाली होती. एकाने ती विचारात घालवली म्हणून त्याची स्थिती चांगली झाली. दुसऱ्याने राखून ठेवली म्हणून त्याच्याकडे वेळ उरला. वेळ हेही एक मोहरंच आहे, आणि ते गमावणाऱ्याने वजीर गमावल्यासारखीच किंमत मोजायची. ज्यांना हे सोसत नाही त्यांच्यासाठी वाढीव सेकंदांचे डाव आहेतच. दर खेळीला ठरावीक सेकंद परत देणाऱ्या घड्याळाचं पेटंट बॉबी फिशरने 1989 मध्ये मिळवलं, आणि आज 3+2 (तीन मिनिटं आणि दर खेळीला दोन सेकंद) किंवा 10+5 असं जे लिहिलेलं दिसतं ते तिथूनच आलं. जिंकत आलेला डाव नुसत्या घड्याळामुळे जाऊ नये म्हणूनच ही सोय. ती न घेता 3+0 खेळायला बसायचं आणि मग ‘टायमावर मारलंस’ म्हणून कुरकुरायचं, हे चालणार नाही.

इथे एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. तुमचा वेळ संपला पण समोर नुसता राजा उरला असेल, तर डाव बरोबरीत सुटतो. समोर राजा आणि एक घोडा असेल, आणि तुमच्याकडे प्यादं असेल तर? चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटवर बरोबरी. लीचेसवर तुम्ही हरलात, कारण फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमाप्रमाणे कुठल्याही, अगदी वेडगळ खेळ्यांनी का होईना, मात शक्य आहे का एवढंच बघितलं जातं. याच घोड्यावरून दोन अनोळखी माणसांना चॅटमध्ये एकमेकांची आई-बहीण काढताना मी पाहिलंय. दोघंही आपापल्या साइटच्या नियमाने बरोबर होते!

डाव न सोडणं हाही अपमान नाही. मुलांनी तर सोडूच नये. डाव संपल्यावर पुन्हा खेळायला नकार देणं यातही काही चूक नाही. ‘जिंकून पळाला’ असं लोक म्हणतात, म्हणू देत. एकच बारीकशी गोष्ट मात्र मी पाळतो: ‘जीजी’ (गुड गेम) किंवा ‘छान खेळलात’ हे हरणाऱ्याने आधी म्हणायचं. जिंकणाऱ्याने मात व्हायच्या आधी दोन खेळ्या ते टाकलं, तर शब्द गोड असले तरी ते चिडवणंच असतं.

खरी पंचाईत होते ती लाईट गेली किंवा नेट तुटलं की. यात तुमच्या मुलाला सांगण्याजोगी एक गोष्ट आहे, आणि तिच्यात आपली माणसंही आहेत. 2020 मध्ये कोरोनामुळे फिडेने ऑलिंपियाड ही देशांच्या संघांची स्पर्धा ऑनलाइन भरवली. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी, आणि ज्युनिअर मुलींच्या पटावर नागपूरची दिव्या देशमुख. 30 ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना. पहिली फेरी 3-3 अशी सुटली. दुसऱ्या फेरीत जगभर इंटरनेटचा मोठा घोळ झाला, आपला निहाल सरीन आणि दिव्या या दोघांची जोडणी तुटली आणि दोघंही वेळेवर हरले. रशिया विजेता ठरला. भारताने दाद मागितली, आणि फिडेचे अध्यक्ष अर्काडी द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्ण देऊन टाकलं.

आपल्याकडे ही गोष्ट इथेच थांबते. तिचा आधीचा भाग कुणी सांगत नाही. दोनच दिवसांपूर्वी उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानची जोडणी निहालविरुद्धच्याच डावात तुटली होती आणि तो गुण भारताला मिळाला. आर्मेनियाने दाद मागितली, ती फेटाळली गेली, आणि चिडून त्यांनी पुढची फेरी न खेळता स्पर्धा सोडली. अंतिम सामन्यात बिघाड जागतिक होता, तिथे एकट्याचं नेट गेलं होतं, हा फरक मान्य. तरी आर्मेनियन माणसाला काय वाटलं असेल ते समजू शकतं. ‘नेट ही ज्याची त्याची जबाबदारी’ हा नियम कठोर आहे, पण मला तो बरोबरच वाटतो. तो नसेल तर हरत आलेल्या प्रत्येकाच्या घरची लाईट नेमकी त्याच मिनिटाला जाईल.

पण नियम जिथे थांबतो तिथून पुढे खेळाडूला स्वतःहून काही करता येतं. त्याच वर्षी जूनमध्ये चेसेबल मास्टर्स या ऑनलाइन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत चीनच्या डिंग लिरेनचं नेट गेलं आणि बरोबरीकडे चाललेला डाव तो तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसनविरुद्ध हरला. पुढच्या डावात कार्लसनने सुरुवातीच्याच खेळ्यांत आपला वजीर नेऊन डिंगच्या माऱ्यात ठेवला आणि डाव सोडला. हिशेब चुकता. कुठल्याही पंचाने सांगितलं नव्हतं, बक्षिसाची स्पर्धा होती, समोर जगातल्या सगळ्यात तगड्या खेळाडूंपैकी एक होता.

हाच कार्लसन 2022 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या हान्स नीमनविरुद्धच्या ऑनलाइन डावात फक्त एक खेळी करून उठून गेला. नीमनने लहानपणी ऑनलाइन डावांत यंत्राची मदत घेतल्याचं कबूल केलेलं होतं, पण त्याआधी पटावर नीमन कार्लसनला हरवून गेला होता, त्या डावात फसवल्याचा पुरावा कार्लसनने दिला नाही. त्याची चीड मी समजू शकतो. तो एका खेळीचा डाव मात्र मला आवडला नाही, कारण त्या दिवशी समोर बसलेल्याने त्या दिवशी काही केलेलं नव्हतं.

यंत्राच्या मदतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगा रेटिंगने वर गेला की विचाराल. स्टॉकफिश हा फुकट मिळणारा प्रोग्राम आज जगज्जेत्यालाही सहज हरवतो, आणि तो कुठल्याही फोनवर चालतो. 2021 च्या जूनमध्ये कोरोनाच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी ऑनलाइन खेळले. त्यात झिरोधा या शेअर दलाली कंपनीचे निखिल कामत चक्क जिंकले, आणि नंतर त्यांनीच सांगून टाकलं की जाणकारांची आणि संगणकाची मदत घेतली होती. लोक म्हणाले, चांगल्या कामासाठीचा खेळ होता, एवढं काय. मला तसं वाटत नाही. कुणीही त्यांच्याकडून विजयाची अपेक्षा केली नव्हती. आनंदसमोर वीस-पंचवीस खेळ्यांत हरण्याची संधी कितीजणांना मिळते? ती त्यांनी यंत्राला देऊन टाकली.

तरीही मुलाला पहिली सवय लावा ती आरोप न करण्याची. हरल्यावर ‘चीटर’ लिहिणं फार सोपं असतं. व्लादिमीर क्रॅमनिकसारख्या माजी जगज्जेत्यालाही तो मोह आवरला नाही. 2023 मध्ये अमेरिकी ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराच्या ऑनलाइन 46 डावांत 45.5 गुण या मालिकेवर त्याने उघडपणे संशय दाखवला. चेस डॉट कॉमने तपासून सांगितलं की फसवणुकीचा काही पुरावा नाही. जो माणूस हजारो डाव खेळतो, आणि तेही बहुतेक स्वतःपेक्षा कमी रेटिंगच्या लोकांशी, त्याच्या आयुष्यात अशी एखादी लांबलचक मालिका येणारच. जगज्जेत्याला जे नुसत्या नजरेने ओळखता आलं नाही ते तुमच्या मुलाला किंवा मला कुठून ओळखता येणार?

संशय आलाच तर बघायची गोष्ट म्हणजे वेळ. साधं प्यादं मारायचं असो की खोल बलिदान असो, प्रत्येक खेळीला सहा-सात सेकंद. माणूस असा खेळत नाही. सोपी खेळी तो झटकन करतो आणि अवघड ठिकाणी अडकतो. असं दिसलं तर डावाखालचं तक्रारीचं बटण दाबायचं आणि विसरून जायचं. खातं बंद झालं तर गेलेले रेटिंगचे गुण दोन्ही साइट परत करतात, तसा निरोप एखाद्या सकाळी आपोआप येतो.

राहिलं शिव्यांचं. त्यावर समजूत घालण्यापेक्षा सेटिंग बदलणं बरं. लीचेसवर किड मोड नावाची सोय आहे. ती चालू केली की चॅट, खासगी निरोप, फोरम सगळंच बंद होतं. मुलगा थोडा मोठा झाला आणि त्याला ते बाळबोध वाटायला लागलं, तर झेन मोड द्या. त्यात पट आणि घड्याळ तेवढं उरतं, चॅट आणि रेटिंगही दिसत नाही. चेस डॉट कॉमवर चॅट बंद करता येतं, आणि मुलांसाठी त्यांची चेसकिड ही वेगळी साइटच आहे. बॅटलग्राउंड्ससारख्या टोळीने खेळायच्या खेळांत हे एवढं सोपं नाही. तिथे आवाज बंद केला तर साथीदार काय सांगतोय तेही कळत नाही, आणि एकजण अर्ध्यात निघून गेला की उरलेले तिघं मरतात. बुद्धिबळात ती अडचण नाही. एक शब्दही न ऐकता-बोलता अख्खा डाव व्यवस्थित खेळता येतो.

आणि दहा मिनिटांऐवजी त्याला 10+5 खेळायला लावून बघा. बसून राहणारे तिथेही भेटतील, पण तुमच्या मुलाला शेवटच्या दोन सेकंदांत मात करायची वेळ येणार नाही, आणि तुमची दुसरी तक्रारही बरीचशी आपोआप मिटेल.