नेताजी पालकर सरनोबत की सरसेनापती?

गणपतीतल्या नाटकात नेताजी पालकरांना ‘सरसेनापती’ म्हणायचं की ‘सरनोबत’, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर डोळे मिटून सरनोबत लिहा.

‘सर’ म्हणजे प्रमुख आणि नौबत म्हणजे तो मोठा नगारा. शब्द फारसी. अजून एक गंमत, सरनोबत एकच नसायचा. घोडदळाचा वेगळा, पायदळाचा वेगळा. येसाजी कंक पायदळाचे, नेताजी घोडदळाचे. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रवेशात नेताजी मावळ्यांच्या पायदळाला हुकूम सोडतात, ते जरा बघा. घोडदळात पंचवीस बारगीरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार, त्यावर जुमलेदार, मग हजारी, पंचहजारी आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. (तोच हवालदार आता नाक्यावर गाड्या अडवताना दिसतो!)

१६७४ च्या राज्याभिषेकानंतर कारभारातले फारसी शब्द बाजूला सारून संस्कृत शब्द आणले गेले, राज्यव्यवहारकोश त्यासाठीच झाला. अष्टप्रधानांत ‘सेनापती’ आले ते तेव्हा, हंबीरराव मोहिते. त्यांच्या आधीचे सरनोबत प्रतापराव गुजर त्याच वर्षी फेब्रुवारीत नेसरीला पडले, म्हणजे राज्याभिषेकाच्या आधीच. नेताजी तर त्याहून कितीतरी आधीचे. ‘सरसेनापती’त फारसी ‘सर’ संस्कृत सेनापतीला चिकटवलाय. ऐकायला भारदस्त, म्हणून नाटकवाल्यांना आवडतो. निवेदकाच्या तोंडी चालेल, पात्राच्या तोंडी नको.

पुढे पेशवाईत सेनापती हा दाभाड्यांच्या घरात चालत आलेला किताब झाला. बाजीरावांशी डभईला १७३१ मध्ये लढताना त्रिंबकराव दाभाडे मारले गेले, ते ‘सेनापती’च होते. आणि दादरच्या फुलबाजाराशेजारून जाणारा रस्ता, ज्याला आमच्या घरी अजून तुळशी पाईप रोडच म्हणतात, तो ज्यांच्या नावाचा त्या सेनापती बापटांकडे फौज कुठली? मुळशी सत्याग्रहातून लोकांनी दिलेलं ते नाव.

आरमाराचा प्रवेश घालणार असाल तर तिथे सरखेल हवा, कान्होजी आंग्र्यांसारखा. पण कान्होजी नंतरच्या काळातले, त्यांना नेताजींशेजारी उभं करू नका.

‘नेताजी सैन्याचे नेतृत्व करत आहेत’ हे वाक्यही बदला, शाळेच्या पुस्तकातलं वाटतं. ‘नेताजी फौज घेऊन चालून गेले’ म्हणा. सगळ्यांत पुढची तुकडी असेल तर ‘बिनीवर’ म्हणा.

बॅनर छापायला देण्याआधी शुद्धलेखन बघून घ्या. सुटा शब्द ‘सेनापती’ दीर्घ, पण ‘सेनापतिपद’ ऱ्हस्व. गेल्या वर्षी आमच्या चाळीच्या बॅनरवर ‘सेनापतीपद’ गेलं आणि विसर्जनापर्यंत दोन निवृत्त शिक्षक मला जिन्यात गाठत होते.