कोरोनाने काम करणाऱ्यांच्या करिअरवर आणि मनावर काय परिणाम केला?

हा प्रश्न आला की घरून काम आणि गेलेल्या नोकऱ्या आठवतात. मी आशाताईंबद्दल, म्हणजे गावात घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या बायकांबद्दल सांगते, कारण मी सातारा जिल्ह्यात गटप्रवर्तक आहे, म्हणजे वीसेक आशांच्या कामावर देखरेख माझ्याकडे असते. त्यांचं काम गेलं नाही, उलट दुप्पट झालं. तरी करिअर म्हणाल तर त्या होत्या तिथेच राहिल्या.

२०२०च्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून माणसं गावी परतू लागली. त्यांची नावं लिहायची, हातावरचा शिक्का बघायचा, चौदा दिवस शाळेत नाहीतर घरात थांबायला सांगायचं, हे सगळं आशाकडे आलं. आणि सांगायचं कुणाला, तर चुलत दिराला, शेजारच्या काकांना. अधिकारी भेट देऊन निघून जातात, आशा त्याच गावची सून असते. ‘तूच रोग घेऊन फिरतेस’ म्हणून लोकांनी दारं लावली, पाण्याला गेलं तर बायका बाजूला सरकायच्या. घरी येऊन लेकरांना जवळ घ्यायची भीती वाटायची. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा ऑक्सिमीटर घेऊन त्या पुन्हा त्याच दारांत उभ्या राहिल्या. झोप लागत नाही, जेवण जात नाही, असं कितीजणी मला सांगायच्या. त्यांना विसावा द्यावा, कुणी बोलायला बसावं, याची सोय कुठेच नव्हती.

हे सारं ‘स्वयंसेविका’ म्हणून. पगार नाही, कामागणिक मोबदला. कोविडच्या कामाचे तेव्हा केंद्राकडून महिना १,००० रुपये मिळायचे. पुढची पायरी तर जवळपास नाहीच: गटप्रवर्तक व्हायला पदवी लागते, नर्स व्हायला वेगळं शिक्षण. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. आनंद झाला, डोळे भरून आले. पण ज्यांना सेवापुस्तक, म्हणजे सरकारी नोकराच्या कामाची नोंदवही, हीच नाही, त्यांच्या या कामाची नोंद कुठे होणार?

एक बदल मात्र मी डोळ्यांनी पाहिला. जून २०२१मध्ये राज्यातल्या सुमारे ७०,००० आशा संपावर गेल्या आणि महिना १,००० रुपयांची वाढ, शिवाय ५०० रुपये कोविड भत्ता मिळवला. पुढे २०२४मध्ये महिन्याचे आणखी ५,००० रुपये वाढले. ग्रामसभेत मागे बसणाऱ्या बायका आपल्या कामाचा हिशेब मोठ्याने मांडू लागल्या, आणि माझ्या मते हे कोरोनातच घडलं. आता मासिक बैठकीत पन्नाशी ओलांडलेल्या आशा मला पेन्शनचं आणि आजारपणाच्या भरपगारी रजेचं विचारतात.